इलेक्ट्रिक मोटार ‘का हरली?’ : प्रश्नातच दडलेलं उत्तर

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘का’ने सुरू होतो. अमुक यंत्र का चाललं नाही? तमुक उद्योग का बुडाला? प्रश्न दिसायला चोख असतो, कमिटीलाही आवडतो. अडचण अशी की त्यात अर्धं उत्तर आधीच भरलेलं असतं. शेवट आपल्याला माहीत असतो, मग आपण मागे जाऊन त्या शेवटाला साजेशी कारणं गोळा करतो. व्हायवामध्ये एखाद्या परीक्षकाने ‘पण त्या काळच्या माणसाला हे कसं कळणार होतं?’ असं विचारलं की सगळी इमारत हलते.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून पटत नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर बघू. विषय आहे सव्वाशे वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक मोटार. आज आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडीबद्दल जो वाद चालतो (बॅटरी पुरेल का, चार्जिंग कुठे करायचं, किंमत परवडेल का), तो जवळजवळ शब्दशः १९०० साली अमेरिकेत आणि युरोपात झालेला आहे. त्यामुळे हा विषय घेऊन कोणी ना कोणी दरवर्षी संशोधनाला येतंच. येताना प्रश्न मात्र हमखास तोच असतो : इलेक्ट्रिक मोटार का हरली?

आधी आकडे, आणि आकड्यांवर शंका

१९०० सालच्या सुमाराची अमेरिकेतली एक आकडेवारी या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात भेटते. त्या वर्षी तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर आणि फक्त ९३६ पेट्रोलवर. म्हणजे आज जिला आपण ‘नैसर्गिक’ विजेती समजतो, ती तेव्हा तिसऱ्या नंबरवर होती.

वेगाच्या बाबतीतही तसंच. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय झेनात्झी या बेल्जियन माणसाने फ्रान्समध्ये ताशी १०० किलोमीटरची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली, ती इलेक्ट्रिक गाडीतून. त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जेकब जर्मन नावाच्या टॅक्सीचालकाला ताशी १२ मैल, म्हणजे साधारण १९ किलोमीटर वेगाने गाडी हाकल्याबद्दल अटक झाली. त्याची टॅक्सीही इलेक्ट्रिकच होती. ‘इलेक्ट्रिक म्हणजे संथ’ हे समीकरण तेव्हा नव्हतं.

आता संशोधक म्हणून इथेच थांबा आणि त्या आकड्यांना एक प्रश्न विचारा : यात नक्की काय मोजलंय? हा आकडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांचा आहे. रस्त्यावर किती होत्या, कोणाच्या मालकीच्या होत्या, वर्षभरानंतर किती चालू राहिल्या, यातलं काहीही तो सांगत नाही. एका टॅक्सी कंपनीने घेतलेल्या शंभर गाड्या आणि शंभर डॉक्टरांनी घेतलेली एकेक गाडी, आकड्यात दोन्ही शंभरच दिसतात. इतिहासात मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

दोन सोपी उत्तरं

‘का हरली?’ला दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं : बॅटरी कमी पडली. दुसरं : तेल कंपन्यांनी मारली.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. शिसं-आम्लाची, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये असते तशी बॅटरी, आजची चांगली घेतली तरी किलोमागे ३०-४० वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा देते. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि विजेची मोटर त्या मानाने खूपच काटकसरी असते, हे धरलं तरी दरी उरतेच. पण ही दरी १८९९ मध्येही होती. तेव्हाच्या व्यापाऱ्यांना आणि इंजिनियरांना बॅटरी जड असते हे चांगलं माहीत होतं. तरीही त्यांनी त्यात पैसे घातले. ते सगळे मूर्ख होते असं मानायचं नसेल, तर ‘बॅटरी कमी पडली’ हे उत्तर अपुरं आहे. कशासाठी कमी पडली, हे सांगावं लागेल.

दुसऱ्या उत्तरात काळाची गल्लत आहे. १९०० साली पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा प्रसिद्ध प्रवास केला, तेव्हा वाटेत इंधन घेतलं ते केमिस्टच्या दुकानातून. वीज मात्र मोठ्या शहरांत पोहोचलेली होती. म्हणजे ‘इंधन मिळण्याची सोय’ हा मुद्दा शहरापुरता तरी इलेक्ट्रिकच्या बाजूने होता! आज चार्जिंग स्टेशनं कमी आणि पंप कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, म्हणून आपण तेव्हाचंही चित्र तसंच समजतो.

समाजशास्त्रात यासाठी एक शिस्त सांगितली जाते. डेव्हिड ब्लूर यांनी १९७६ मध्ये विज्ञानाच्या संदर्भात ती मांडली आणि १९८४ मध्ये ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर यांनी तंत्रज्ञानाला लावली. तिला समानतेचं किंवा सममितीचं तत्त्व म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर जिंकलेल्याला आणि हरलेल्याला एकाच तराजूत तोला. पेट्रोल ‘चांगलं होतं म्हणून’ जिंकलं आणि इलेक्ट्रिक मात्र ‘सामाजिक कारणांनी’ हरली, असं चालणार नाही. जे प्रश्न हरलेल्याला विचाराल, तेच जिंकलेल्याला विचारा.

न्यूयॉर्क : गाडी विकायची की प्रवास?

हे तत्त्व हातात घेऊन न्यूयॉर्कला जाऊ. फिलाडेल्फियाच्या हेन्री मॉरिस आणि पेद्रो सॅलम यांनी १८९४ मध्ये ‘इलेक्ट्रोबॅट’ नावाची गाडी बनवली. १८९७ मध्ये त्यांच्या इलेक्ट्रिक टॅक्सी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर धावू लागल्या. त्याच वर्षी आयझॅक राइस यांनी हा धंदा विकत घेऊन ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’ काढली. राइस हे बॅटरी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख होते, हे महत्त्वाचं.

ही कंपनी गाडी विकत नव्हती, प्रवास विकत होती. गाड्या कंपनीच्या, चालक कंपनीचे, बॅटऱ्याही कंपनीच्याच. टॅक्सी ब्रॉडवेवरच्या स्टेशनात यायची, सुमारे अर्ध्या टनाची बॅटरी यंत्राने बाहेर ओढली जायची, भरलेली आत सरकवली जायची आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. आज ज्याला आपण ‘बॅटरी स्वॅपिंग’ म्हणून नवीन समजतो, ते हेच.

या व्यवस्थेत ‘एका चार्जमध्ये किती किलोमीटर?’ हा प्रश्न प्रवाशाला पडतच नाही. तो कंपनीला पडतो, आणि तिच्याकडे त्याचं उत्तर असतं. म्हणजे बॅटरी तीच, पण मालकी बदलली की तिचा ‘दोष’ बदलतो. ‘द इलेक्ट्रिक व्हेइकल अँड द बर्डन ऑफ हिस्टरी’ हे डेव्हिड कर्श यांचं २००० सालचं पुस्तक वाचनीय आहे ते यासाठी. गाडीपेक्षा ती ज्या व्यवस्थेत चालते ती तपासा, हा त्यातला धडा आहे.

मग ही कंपनी बुडाली का? १८९९ मध्ये विल्यम व्हिटनी आणि त्यांचे भांडवलदार सोबती आत आले आणि एका शहरात जेमतेम बसलेली घडी घाईघाईने इतर शहरांत न्यायचा बेत आखला. त्याच वर्षी कंपनीच्या आर्थिक व्यवहारांबद्दल वृत्तपत्रात गंभीर आरोप छापून आले. गाड्यांच्या वजनाने टायर भराभर झिजत होते, धक्क्यांनी बॅटरीच्या पट्ट्या खराब होत होत्या, आणि देखभालीची शिस्त स्टेशनागणिक वेगळी होती. शेवटी १९०७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

गंमत बघा. शेवटच्या वर्षांत या ‘इलेक्ट्रिक’ कंपनीचं एक महत्त्वाचं उत्पन्न पेट्रोलच्या गाड्यांवर होतं! जॉर्ज सेल्डन यांचं पेट्रोल मोटारीचं पेटंट तिने १८९९ मध्ये हाताशी घेतलं होतं आणि त्यावर इतर कंपन्यांकडून ती रॉयल्टी वसूल करत होती. हेन्री फोर्ड त्याविरुद्ध लढले आणि १९११ मध्ये जिंकले. आता या कंपनीच्या अपयशाला ‘बॅटरीचं अपयश’ म्हणायचं, भांडवलाच्या घाईचं, की व्यवस्थापनाचं? कागदपत्रांत तिन्हीचे पुरावे सापडतात. संशोधकाचं काम त्यांतला एकच उचलण्याचं नाही, तिन्ही एकमेकांना कसे जोडलेले होते ते दाखवण्याचं आहे.

हार्टफर्ड : जी ‘हरली’ नाही

आता एक असं उदाहरण, जे ‘का हरली?’ या प्रश्नात मावतच नाही. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं हार्टफर्ड शहर. तिथल्या वीज कंपनीने १९१२ पासून मालवाहू ट्रकांसाठी एक योजना चालवली. व्यापाऱ्याने ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी वीज कंपनीची. ती बदलून मिळायची, आणि पैसे द्यायचे दरमहाचं ठरावीक शुल्क अधिक मैलामागे आकार. ही योजना १९२४ पर्यंत चालली आणि त्या गाड्यांनी मिळून सुमारे ६० लाख मैल अंतर कापलं.

बारा वर्षं हा काळ छोटा नाही. बेकरी, दूध, पार्सल, बर्फ अशा कामांत गाडी रोज ठरलेल्या रस्त्याने जाते, दर दहा घरांशी थांबते आणि रात्री ठरलेल्या जागी परत येते. अशा कामाला इलेक्ट्रिक ट्रक सोयीचा होता. इंजिन परत परत सुरू करायची कटकट नाही, आवाज कमी, आणि चालक घोडागाडी हाकणारा असला तरी चटकन शिकतो.

पण लोकप्रिय इतिहासात हार्टफर्ड क्वचितच दिसतं. कारण आपण ‘मोटार’ म्हणताना मनात खासगी, घरगुती गाडी धरतो. इथे प्रश्नाच्या शब्दांनीच पुरावा गाळून टाकला. तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असणार. तो कोणता आहे आणि त्याने काय गाळलं जातंय, हे सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर तपासा.

वचनाची किंमत

इलेक्ट्रिक मोटारीच्या इतिहासात एक पात्र सतत येत राहतं : ‘लवकरच येणारी’ बॅटरी. थॉमस एडिसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकेल-लोखंडाच्या नव्या बॅटरीची मोठी आशा दाखवली. बॅटरी बाजारात आली, गळायला लागली, उत्पादन थांबवावं लागलं, आणि सुधारलेली आवृत्ती १९०९-१० च्या सुमाराला आली. ती खरंच टिकाऊ होती. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

आशेचा परिणाम दुहेरी असतो. तिच्यामुळे भांडवल येतं, तरुण इंजिनियर येतात. पण पुढच्या वर्षी चांगली बॅटरी येणार असेल तर यंदाची गाडी कोण घेईल? डच इतिहासकार खेइस मॉम यांच्या २००४ च्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच ‘अपेक्षा’ हा शब्द आहे, तो उगाच नाही. तेव्हा कागदपत्रांत ‘वचन’ सापडलं की त्याला नुसती जाहिरात म्हणून बाजूला सारू नका. ते वचन कोणी दिलं, कोणाला दिलं, आणि ते ऐकून कोण थांबलं, हे विचारा. वचनालाही इतिहास असतो.

मोटार नक्की कशासाठी?

त्या काळच्या इलेक्ट्रिक गाडीला एका चार्जमध्ये पन्नास-साठ किलोमीटर जाता येत असे. शहरातल्या कामांना ते पुरे होतं. पण पेट्रोलची गाडी घेणाऱ्या हौशी श्रीमंतांना शहरातली कामं करायचीच नव्हती. त्यांना धूळ उडवत गावाबाहेर जायचं होतं, शर्यत लावायची होती, बिघडलेलं इंजिन स्वतः दुरुस्त करून मिरवायचं होतं. पेट्रोल गाडीची कटकट हाच तिचा मजा देणारा भाग होता. उलट इलेक्ट्रिक गाडी स्वच्छ, शांत, म्हणून तिला ‘बायकांची गाडी’ असं लेबल लागलं. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. व्हर्जिनिया शार्फ यांनी १९९१ च्या पुस्तकात हा स्त्री-पुरुष भेद तपासला आहे.

पुढे पेट्रोलच्या गाडीने इलेक्ट्रिकचे गुण एकेक करून उचलले. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारायची कटकट संपली. दिवे आले, बंद छत आलं. शहरातल्या सोयीही आता त्याच गाडीत मिळू लागल्या. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि १९१३ पासून फिरत्या जुळणीपट्ट्यामुळे तिची किंमत उतरत गेली. शहराबाहेर तर अमेरिकेत वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यातही तिथल्या शेतघरांपैकी दहातल्या एकाकडेच ती पोहोचली होती. एकत्र बघितलं की कळतं, ‘एका गाडीने सगळं केलं पाहिजे’ ही अपेक्षाच इलेक्ट्रिकला भारी पडली. आणि अपेक्षा ही काही बॅटरीच्या रसायनात नसते.

आपल्याकडे आज शोरूममध्ये विचारला जाणारा प्रश्न आठवा : ‘गणपतीला गावी जाईल का?’ वर्षातले साडेतीनशे दिवस रोज तीस किलोमीटर फिरणारा माणूस गाडीची रेंज ठरवतो ती त्या एका कोकण-फेरीवरून. त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. गाडी कशासाठी, याचं त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांत घडत आलंय, आणि ते घडवण्यात पेट्रोलच्या गाडीचा मोठा वाटा आहे.

तीच गाडी, दोन शहरं

हा तराजू भारतीय उदाहरणाला लावून बघू. बेंगळुरूत तयार झालेली ‘रेवा’ २००१ मध्ये बाजारात आली. छोटी, दोन दारांची, शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांची, एका चार्जमध्ये साधारण ८० किलोमीटरचा दावा. बेंगळुरूच्या रस्त्यांवर ती कुतूहलाचा विषय राहिली, सर्रास कधी झाली नाही. पण २००४ पासून तीच गाडी ‘जी-विझ’ नावाने लंडनमध्ये विकली जाऊ लागली आणि तिथे तिला चांगलं गिऱ्हाईक मिळालं.

लंडनमध्ये बॅटरीचं रसायन बदललं नव्हतं. बदलला होता हिशोब. फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यासाठी दिवसाला पाच पौंड शुल्क लागू झालं होतं, २००५ मध्ये ते आठ पौंड झालं. इलेक्ट्रिक गाडीला त्यातून सूट होती. काही भागांत पार्किंगचीही सवलत होती. रोज शहरात जाणाऱ्याला हे पैसे वाचणं म्हणजे मोठी गोष्ट. बेंगळुरूत असं शुल्कच नव्हतं, मग सूट कुठून येणार?

अजून एक बाजू. युरोपात तिची नोंद पूर्ण ‘मोटार’ म्हणून नव्हती, ‘क्वाड्रिसायकल’ या हलक्या वर्गात होती. त्यामुळे मोटारींसाठीच्या धडक-चाचण्या तिला सक्तीच्या नव्हत्या. २००७ मध्ये तिच्या सुरक्षिततेवर मोठी टीका झाली. म्हणजे ज्या नियमांनी तिला दार उघडलं, त्यांतल्याच एकाने तिची प्रतिमा बिघडवली. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने या कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला. रेवा ‘हरली’ की पुढच्या पिढीचा पाया ठरली? उत्तर तुम्ही गोष्ट कुठल्या वर्षी थांबवता त्यावर अवलंबून आहे, आणि गोष्ट कुठे थांबवायची हा निर्णय संशोधकाचा असतो. तो उघडपणे सांगावा लागतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

‘इलेक्ट्रिक मोटार का हरली?’ याऐवजी असं विचारून बघा : अमुक शहरात, अमुक वर्षांत, कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी ती व्यवहार्य होती, आणि ती व्यवहार्यता टिकवायचा खर्च कोण उचलत होतं? प्रश्न लांबला, पण आता त्याला पुरावा शोधता येतो. व्यवहार्यता ही गाडीच्या आत बसवलेली वस्तू नाही. ती गाडी, वीजदर, गॅरेज, नियम आणि रोजचा रस्ता यांच्यामध्ये असते. म्हणून कागदही तिथेच मिळतात : वीज कंपन्यांचे दरपत्रक, पालिकेचे ठराव, गाड्यांच्या नोंदणीची दफ्तरं, कामगारांच्या तक्रारी, व्यापारी मासिकांतल्या जाहिराती.

मराठी विद्यार्थ्याला यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. मुंबईत १९०७ मध्ये विजेवरची ट्राम सुरू झाली. १९६२ ते १९७१ या काळात तिथे ट्रॉलीबस धावली आणि बंद झाली. ‘ट्रॉलीबस का फसली?’ असं न विचारता कोणत्या मार्गावर, कोणत्या प्रवाशांसाठी आणि डिझेल बसशी कोणत्या हिशोबाने तुलना करून ती बंद ठरली, असं विचारलं तर एक चांगला प्रबंध उभा राहू शकतो. आजचे कागदही गोळा करायला लागा. इलेक्ट्रिक गाडीसाठी पार्किंगमध्ये प्लग बसवू द्यायचा की नाही, यावर पुण्या-ठाण्याच्या हाउसिंग सोसायट्यांच्या सभांत भांडणं होतात. त्या सभांची इतिवृत्तं कोणी जपून ठेवत नाही, आणि पन्नास वर्षांनी संशोधकाला नेमकी तीच लागतील.

एक सावधगिरी मात्र हवी. हे सगळं वाचून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘खरं तर इलेक्ट्रिकच जिंकायला हवी होती’ हेसुद्धा शेवटाकडून लिहिलेलंच उत्तर आहे, फक्त आजच्या आवडीचं. शिसं जड होतं, टायर झिजत होते, बॅटरी गळत होती. हे मुद्दे प्रबंधात पूर्ण वजनाने आले पाहिजेत. समान तराजू म्हणजे हरलेल्याच्या पारड्यात गुपचूप अंगठा ठेवणं नव्हे.

तुमचा सध्याचा संशोधन-प्रश्न एका कागदावर लिहा. त्यातला ‘का’ खोडून ‘कुठे, कधी, कोणासाठी, कोणाच्या खर्चाने’ हे चार शब्द लिहून बघा. ज्याचं उत्तर तुमच्याकडे अजिबात नाही, तिथून आर्काइव्हचं काम सुरू करा.